सात पिढ्या आणि एक तार

मित्रांनो, मी संगणक आहे, बहुधा तुमच्या आईबाबांच्या लग्नाच्याही आधीचा. नारिन नदीकाठच्या एका किरगिझ गावात, निवृत्त शिक्षिका उमसुनाई आपांच्या घरी मी राहतो. कारखान्यात मला जुळवणारे हात आता आठवत नाहीत. पण घोडागाडीतून आणताना आपांनी स्वतःचा कोट माझ्यावर घातला होता, तो आठवतो.

गावातले म्हातारे चहा पीत पूर्वजांची नावं सांगत, आणि आपा दोन बोटांनी ती माझ्यात उतरवत. अकराशे नावं झाली. दर वसंतात, नूरूझच्या सणाला, त्या आर्चाची, म्हणजे डोंगरातल्या सुगंधी जुनिपरची, डहाळी पेटवून घरभर धूर फिरवत. मलाही देत, अगदी पोटापर्यंत.

मग ते म्हातारे एकेक करून गेले. माझं तबकडी घालायचं तोंड मिटलं, पडदा तापला की पाच मिनिटांत काळा पडू लागला. मी कोपऱ्यात गेलो. माझ्यावर भरतकामाचं कापड आलं आणि त्यावर जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरण्या.

गेल्या वर्षी आपांची नात बेगायिम हिचं लग्न अडलं. आमच्याकडे सात पिढ्यांत एक पूर्वज निघाला, तर सोयरीक होत नाही. मुलाचा काका म्हणाला, "तुमचा आमचा पूर्वज एकच. नसेल तर सगळी यादी हातात द्या, मग बोलू."

यादी फक्त माझ्या पोटात होती. बेगायिमने जुन्या बाजारातून माझ्या वयाचं नेटवर्क कार्ड शोधून आणलं, माझ्या खाचेत बसवलं, तार तिच्या लॅपटॉपला जोडली, एकमेकांना शोधता यावं म्हणून दोघांना नेटवर्कचे पत्ते दिले. पडदा काळा पडला की ती मला निवू द्यायची आणि पुन्हा सुरू करायची. लॅपटॉप हाका मारत राहिला. मी मुका.

"आजी, याला कार्ड दिसतच नाहीये."

"वय झालंय त्याचं. चष्म्याशिवाय मला तरी तू कुठे दिसतेस?"

बेगायिमने खाचेत कापूस फिरवला. तो काळा निघाला. तिने हुंगून पाहिलं.

"आर्चा. आजी, इतकी वर्षं याच्या पोटात धूर घालत होतीस?"

"नजर लागू नये म्हणून गं."

"नजर नाही लागली. काजळी धरली."

आपांनी कपाटातून स्पिरिट आणलं, जाड कागदाला कापड गुंडाळलं आणि ती खाच स्वतः पुसली, पुन्हा पुन्हा.

पुढची हाक मला ऐकू आली. मी 'आहे' म्हणालो. मग अकराशे नावं तारेतून चालत गेली. दोन्ही घराण्यांचा पूर्वज खरंच एक होता, पण आठव्या पिढीत.

"काकांना म्हणावं, मोजायला बोटं कमी पडली," आपा म्हणाल्या, आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या.

यंदाच्या नूरूझला त्या धुमसती डहाळी घेऊन माझ्यापर्यंत आल्या, थबकल्या आणि दाराकडे वळल्या. मित्रांनो, धूर देणाऱ्या त्या हातांचाही मी ऋणी आहे. घरातल्या जुन्या वस्तूवर माया जरूर करा. फक्त तिला काय सोसतं, तेवढं विचारा. आणि तिच्या पोटात आपल्या माणसांची नावं असतील, तर लग्न अडेपर्यंत थांबू नका.

बरण्या आता खिडकीत असतात.