डॉक्टरांना न सांगितलेली बरणी

मी एक जुनी काचेची बरणी आहे. माझं झाकण पत्र्याचं, जरा वाकडंच बसतं. मित्रांनो, काचेच्या भट्टीतून मी काष्ठौषधीवाल्याच्या फळीवर आले आणि माझ्या पोटात जटामांसीचं चूर्ण भरलं गेलं. ही एक केसाळ मुळी. वास असा, की शेजारच्या बडीशेपेनं नाक मुरडावं! काष्ठौषधीवाला मात्र गिऱ्हाइकांना सांगे, "केसांना तेलातून लावा, छाती धडधडली तर पाण्यातून घ्या, झोप येत नसेल तर कोमट दुधातून."

एका शिंपीणबाईंनी मला घरी नेलं. शाळांचे गणवेश शिवता शिवता त्यांची झोप उडाली होती. रोज जेवणानंतर त्या एक चमचा घेत. "हिच्यामुळे मी माणसात आले," असं येईल त्याला सांगत, आणि मी नुसती फुगून जाई.

त्यांची धाकटी बहीण औषधांच्या दुकानात कामाला होती. ती म्हणाली, "ताई, लोक पूर्वीपासून घेतात हे खरंय. पण पुरावा म्हणशील तर बरेचसे प्रयोग उंदरांवर झालेत, माणसांवर थोडेच. गुंगीच्या औषधांसोबत तर जपूनच घ्यावं."

"उंदरांना झोप लागली ना? मलाही लागते. झालं तर."

पुढे बाईंचं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं. टॉवेलात गुंडाळून त्यांनी मलाही दवाखान्यात आणलं, आणि आदल्या दिवशी नेहमीचा चमचा घेतलाच. सकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "बाई, घरी कुठली औषधं घेता?"

"छे हो. साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा नाही."

बाई खोटं बोलल्या नाहीत. त्यांच्या लेखी मी औषध नव्हतेच, घरातलीच एक होते. मी खाटेखालच्या पिशवीत, डॉक्टरांच्या पायांपासून दोन हातांवर. जीव नुसता तळमळत होता, पण करणार काय? बहीण दुपारी यायची होती. बाईंना आत नेलं.

ऑपरेशन नीट झालं, पण बाई जाग्या होईनात. "ताई, अगं डोळे उघड," म्हणत बहीण उशाशी बसून राहिली. त्यांचं तोंड पुसायला तिनं टॉवेल ओढला आणि मी हाती लागले. मला घेऊन ती धावतच डॉक्टरांकडे गेली.

"हे आधी कळायला हवं होतं," ते म्हणाले. "गुंगी यानंच वाढली का, ठाम सांगता येणार नाही. पण वाढू शकते."

बाईंनी डोळे उघडले ते थेट संध्याकाळी. त्या बऱ्या झाल्या, मी माळ्यावर गेले. दोष माझा होता का, मला आजही माहीत नाही, आणि हे विचारायचं तरी कुणाला?

मित्रांनो, घरात कुणी मुळी, चूर्ण, काढा घेत असेल, तर डॉक्टरांना तेही सांगा. आम्हाला सांगता येत नाही.