भागूची शू आणि विश्वजीतचा व्हॉल्व्ह

"आजी, मला व्हॉल्व्ह बदलायचाय," असं विश्वजीत जेवताना म्हणाला, तेव्हा मी हातातला घास ताटात ठेवला. आमच्या धायरीत व्हॉल्व्ह म्हणजे संपत. सकाळी सहाला लांब दांड्याची चावी घेऊन येतो आणि गल्लीला पाणी सोडतो.

"का रं, काय वाकडं केलं संपतनं तुझं? चांगलं पाऊण तास सोडतोय की पाणी."

"पाण्याचा नाही गं. गाडीचा. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह."

हा माझा थोरला नातू. एका पोरीचा बाप झाला, पण गाडीपुढे अजून तोंड उघडं टाकून बसतो. गाडी टर्बोवाली. टर्बो म्हणजे इंजिनाच्या तोंडात हवा कोंबणारा पंखा. गिअर बदलताना पाय उचलला की ती कोंबलेली हवा अडते. तिला वाट द्यायला हा व्हॉल्व्ह. कंपनीने एक दिलेलाच असतो, तो हवा गपचूप परत नळीत सोडतो. विश्वजीतला तो गपचूपपणाच नको होता. गाडी शोरूममधून आली तशीच होती, बदललं काय तर एक एअर फिल्टर आणि मागच्या काचेवरचं स्टिकर. तरी महिनाभर हा मोबाइलवर लोकांच्या गाड्यांची फुसफूस ऐकत होता.

माझ्या डोक्याला वेगळाच घोर. रविवारी आम्हाला कोथरूडला जायचं होतं, नात तेजस्विनीचं होणारं सासर बघायला. मुलगा आमोद तिच्याच ऑफिसातला, सरळ. त्याची आई मंदाकिनीताई मात्र इस्त्री केल्यासारखी बाई. पहिल्या भेटीत भागूकडे, म्हणजे विश्वजीतच्या दोन वर्षांच्या भाग्यश्रीकडे बघून मला विचारलं, "तुमच्या भागात मुलांना अजून असंच मोकळं ठेवतात का हो? डायपरबियपर नाही?"

मी म्हटलं, "मोकळं नाही, शिकवून ठेवतो. न्हाणीत धरायचं, कानाशी 'शूऽऽ' म्हणायचं, की झालं. एरवी थेंब नाही. रविवारी आणतेच तिला, तुम्ही मांडीवर घेऊन बघा."

"घेईन ना," त्या म्हणाल्या. "साडी जुनी नेसेन."

त्या जुन्या साडीने मला चार रात्री झोप लागू दिली नाही. रविवारी भागू कोरडी राहिलीच पाहिजे. बास.

शुक्रवारी मंडईत फळं घ्यायला म्हणून भागूला काखेत घेऊन विश्वजीतच्या गाडीत बसले. फळं घेतली आणि या बाबाने, विश्वजीतने, गाडी सरळ नाना पेठेत नेली, तालिबच्या गॅरेजवर. तालिबचा बाप कासिमभाई आमच्या विहिरीवरचं डिझेल इंजिन नुसतं ऐकून त्याचं दुखणं सांगायचा. पोरगंही हुशार निघालं.

तालिबने दोन डबे पुढे ठेवले. "आजी, हा उघडा. हवा बाहेर फेकतो, आवाज मोठा. हा बंद. हवा परत आत, आवाज नाही. मी विश्वजीतभाईंना सांगून दमलो. एवढ्या साध्या गाडीला कंपनीचाच पुरतो. बदलायचाच असेल तर बंद घ्या."

"उघडाच," विश्वजीत म्हणाला.

"थांब," मी म्हटलं. "तालिब, ती हवा आत घेताना मोजून घेत्यात का?"

"मोजूनच, आजी. दारातच मीटर आहे. त्या मापाने पेट्रोल पडतं."

"मग झालं की! भाताला मापून पाणी घातलं आणि मधेच निम्मं बाहेर ओतलं, तर तांदूळ तेवढाच राहतोय. भात होईल का?"

तालिबने पाना खाली ठेवला. "अगदी हेच! पेट्रोल जास्त पडतं, गाडी अडखळते, धूर काढते. विश्वजीतभाई, आजींना इथेच ठेवून जा."

"अडखळू दे," विश्वजीत म्हणाला. "आवाज पाहिजे."

तासाभरात उघडा व्हॉल्व्ह बसला. निघालो. दांडेकर पुलावर बाबाने गिअर बदलला आणि गाडी म्हणाली, "प्शूऽऽ!"

माझी मांडी गरम झाली.

मला वाटलं, मंडईत पोरीला उसाचा रस पाजला, तो नडला. लुगडं झटकलं. विठ्ठलवाडीच्या कमानीपाशी पुन्हा "प्शूऽऽ!" आणि पुन्हा मांडी गरम. वडगावच्या पुलाखाली तिसऱ्यांदा शिट्टी झाली, तेव्हा पोरीत काही उरलं नव्हतं, तरी बिचारीने डोळे मिटून जोर लावला.

"विश्वा, गाडी थांबव! ही गाडी माझ्या पोरीला शू करायला सांगतीय!"

आधी हसला. मग सीट बघितली आणि हसू गेलं. "आजी, एकच दिवस डायपर घाल ना तिला."

"एक दिवस तूच घाल. त्या बाईला मी शब्द दिलाय. रविवारी ही पोर बिनडायपरचीच येईल. ती शिट्टी काढ, नाहीतर तुझी गाडी घरी राहील आणि आपण रिक्षाने जाऊ. तुझी टर्बो अंगणात फुसफुसत बसू दे एकटी."

रिक्षाचं नाव काढल्यावर बाबा वळला. शनिवारी तालिबने उघडा काढून बंद बसवला. तीनदा खडकवासल्यापर्यंत जाऊन आलो. गाडी गप्प, अडखळणं बंद, भागू ठणठणीत कोरडी. विश्वजीतचं तोंड तेवढं उतरलेलं.

रविवारी मी पैठणी नेसले. कोथरूडला पोचलो. मंदाकिनीताईंनी दारातच भागूला उचललं, पाठीमागून चाचपलं. "खरंच की हो, डायपर नाही!" आणि तिला मांडीवर घेऊन सोफ्यावर बसल्या. साडी नवी होती, मोतिया रंगाची. म्हणजे बाईने माझ्या शब्दावर विश्वास टाकला होता. मला भरून आलं. चहा झाला, पोहे झाले, भागू कोरडी. तारखेची गोष्ट निघाली, भागू कोरडी.

तेवढ्यात शेजारी बसलेल्या आमोदने विश्वजीतला विचारलं, "अरे, तू व्हॉल्व्ह बसवणार होतास ना? कुठला घेतलास?"

"बंद," विश्वजीत सुतक असल्यासारखा म्हणाला.

"हात्तिच्या! उघडा घ्यायचा. माझ्या मित्राचा आहे. गिअर टाकला ना, की असा..." त्याने हवेत गिअर टाकला, ओठांचा चंबू केला.

"अहो जावईबापू, नको!" मी ओरडले.

"प्शूऽऽऽ!"

भागूने मंदाकिनीताईंच्या तोंडाकडे बघितलं आणि समाधानाने म्हणाली, "झाली."

ताई उभ्या राहिल्या. मोतिया साडीवर खडकवासल्याचं धरण. "मुक्ताबाई, हे काय?"

मी पदर नीट केला. "ताई, पोरीने मनाने काहीही केलेलं नाही. तुमच्या मुलाने सांगितलं, तिने केलं. शिकवलेली आहे."

ताईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आमोदकडे. आत गेल्या. साडी बदलून आल्या, बसल्या आणि मुलाला म्हणाल्या, "अजून कुठले आवाज काढता येतात तुला? लग्नाआधी एकदाच सांगून ठेव, म्हणजे यांना कल्पना असेल."

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "शिकवायला किती दिवस लागले हो?"

"आठ," मी म्हटलं. लागले होते वीस.