दुपारचा मुहूर्त

हॉलंडमधल्या नीउ-व्हेनेपला घर घेतलं तेव्हाच वास्तुशांत होणार हे ठरल्यात जमा होतं. पण ती नेमकी सुमेधाच्या टिलबर्गच्या व्याख्यानाच्या शनिवारी धरायची हा अंबरीशचा स्वतःचा पराक्रम. "मुहूर्त सकाळचा आहे गं, दुपारी तू मोकळी," म्हणत त्यानं विषय मिटवला. सुमेधा गप्प बसली. नवऱ्याच्या व्हिसावर या देशात आल्यापासून गप्प बसण्यात ती चांगलीच तरबेज झाली होती.

त्याआधी पुण्यातल्या कॉलेजात ती ग्रीक तत्त्वज्ञान शिकवायची. एखादी गोष्ट अस्तित्वात येते म्हणजे नेमकं काय होतं, हा तिच्या जिव्हाळ्याचा विषय. जे नाही त्यातून काही येत नाही आणि जे आहे त्याला नव्यानं यायची गरज नाही, तेव्हा बदल हा निव्वळ भास, असं एका ग्रीकानं ठणकावून सांगितलं आणि पुढच्या सगळ्यांची पंचाईत करून ठेवली. मग दुसऱ्यानं वाट काढली. 'नाही' आणि 'आहे' यांच्यामध्ये 'होऊ शकतं' असंही काही असतं, कच्च्या मातीत पणती असते तसं. सुमेधानं इथं आल्यावर याच मधल्या जागेत दहा वर्षं काढली होती. आता टिलबर्गच्या विद्यापीठातल्या लोकांनी तिला बोलावलं होतं. व्याख्यान रंगलं तर वसंतातला पूर्ण कोर्स तिला मिळणार होता.

शनिवारी सुदर्शन सोवळं नेसून हजर झाला. हा अंबरीशच्याच स्लोटरडाइकच्या ऑफिसातला. आठवडाभर सर्व्हर सांभाळायचा आणि सुट्टीच्या दिवशी मराठी मंडळींकडे पूजा सांगायचा. अंबरीश पळीनं पाणी सोडत होता, सुमेधा त्याच्या हाताला हात लावून बसली होती आणि मनात व्याख्यानाचं पहिलं वाक्य घोळवत होती. इतक्यात पुण्याहून व्हिडिओवर सासूबाई ओरडल्या.

"अरे, आत्ता काय बसलाय? मुहूर्त केव्हाच टळला!"

"आई, साडेनऊचाच ना? तूच तर पाठवलास."

"ते आपल्याकडचे साडेनऊ, बाळा! तुमच्याकडे तेव्हा उजाडलंही नव्हतं!"

रोज चार देशांच्या घड्याळांशी खेळणारे ते दोन इंजिनिअर एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. सासूबाईंनी लगेच त्यांच्या गुरुजींना फोन लावला आणि दुपारचा नवा मुहूर्त काढून आणला. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"मला बाराची गाडी आहे," सुमेधा म्हणाली.

"वहिनी गेल्या तरी अडणार नाही," सुदर्शन चाचरत म्हणाला. "पत्नी हजर नसेल तर यजमानानं तिच्या जागी कमरेला सुपारी लावून बसायचं. शास्त्रात सोय आहे."

सुमेधाला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

"धडधाकट बायको असताना सुपारी?" सासूबाई कडाडल्या. "लोक काय म्हणतील?"

अंबरीश आधी आईकडे, मग बायकोकडे बघत म्हणाला, "सुमे, घर काय रोज होतं का?"

व्याख्यान तरी कुठं रोज होत होतं? पण हॉलमध्ये जमलेल्या पाहुण्यांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिनंही नाही. तब्येत बिघडल्याचा खोटा मेल तिनं टिलबर्गला पाठवला आणि जिथं सुपारीनं भागलं असतं तिथं जाऊन बसली.

संध्याकाळी ती शिरा वाढत असताना उत्तर आलं. लवकर बऱ्या व्हा. काळजी करू नका, तुम्ही आधी पाठवलेलं भाषण आमच्या एका तरुण सहकाऱ्यानं वाचून दाखवलं. फार छान झालं, प्रश्नोत्तरं तर संपता संपेनात. वसंतातला कोर्स आता तोच घेईल. तुमचे मनापासून आभार.

तिनं फोन अंबरीशच्या हातात दिला. त्यानं वाचलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"बघ! उगाच टेन्शन घेतलंस. झालं ना सगळं नीट?"

त्याला टोचून बोलायचं नव्हतं. तो खरोखरच खूश होता, आणि सुमेधाला त्या क्षणी त्याचा जेवढा राग आला तेवढा आजवर कधी आला नव्हता.

"आता पुढच्या वेळी नक्की जा," तो म्हणाला. "मी स्वतः सोडायला येईन."

"पुढची वेळ त्या मुलाला दिली, अंबरीश," ती म्हणाली. "वाचलंस ना तू आत्ता?"