सोमवारचे एकतीस शाफ्ट

मित्रांनो, एका सोमवारी कुपवाडच्या एका कारखान्यात धैर्यशील नावाच्या कामगाराने सकाळच्या वेळात लेथवर चाळीस शाफ्ट, म्हणजे यंत्रांत बसणारे लोखंडी दांडे, कातले. त्याच्या पोटात दारूचा थेंबही नव्हता. एकतीस शाफ्ट बाद झाले. जेवणाच्या सुट्टीत तो दारू प्यायला आणि संध्याकाळपर्यंत त्याने आणखी छत्तीस शाफ्ट कातले. एकही बाद झाला नाही. यंत्र तेच, हात तेच आणि माप घेणारा मीही तोच.

मी एक जुना मायक्रोमीटर आहे. माझ्या दोन जबड्यांत धरलेली वस्तू मी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतो. माझ्या टोकाला रॅचेट नावाची छोटी खुंटी आहे. ती फिरवत गेले की ठरावीक दाबानंतर ती टकटक वाजते आणि त्यापुढे दाबतच नाही. तीन टकटक ऐकायच्या आणि मग आकडा वाचायचा, एवढाच माझा नियम.

धैर्यशीलने बारा वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या दिवाळीला मला आणले. रोज काम संपल्यावर तो मला मऊ कापडाने पुसून तेलाचा थेंब लावी. सुपरवायझर नानासो सर्वांना सांगत, "धैर्याचं माप म्हंजे दगडावरची रेघ. परत मोजाय लागत न्हाई."

पुढे धैर्यशील सकाळीच पिऊन येऊ लागला. मापे बरोबर येत राहिली, म्हणून कोणी काही बोलले नाही. मीही शाफ्टच मोजत होतो. माणूस मोजण्याची सोय माझ्यात नाही. तेल लावणे मात्र थांबले. माझी पेटी हरवली, तेव्हापासून तो मला खिशात टाकून फिरू लागला. जबड्याच्या कडेला पहिला गंज त्याच वर्षी चढला.

शेजारच्या शेडमधला वेल्डर शमशेर चौदा महिने दारूपासून दूर होता. त्याने धैर्यशीलचे पिणे ओळखले. एका गुरुवारी सुटी होताच त्याने त्याला सांगलीच्या विश्रामबाग भागात, एका शाळेच्या वर्गात नेले. दारू सोडणाऱ्यांची बैठक तेथे भरे. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून आठ-दहा मोठी माणसे बसली होती.

"मी निस्ता शमशेरसंगं आलोय," धैर्यशीलने दारातूनच सांगितले.

"बसा की," एक म्हातारा म्हणाला. "हितं समदी कुणासंगं तरीच आल्यात. मला तर लाज आणली माझ्या म्हशीनं. रोज तीच मला घरी न्यायची."

सगळे हसले. धैर्यशीलही हसला आणि बसला.

परतताना शमशेर म्हणाला, "एक ध्यानात ठेव गड्या. दारू एकदम तोडू नगंस. आदी डॉक्टरला दाव, मग सोड. मी गोळ्या घिऊनच सोडली."

"रविवारी गावाकडं जाऊन येतो. मग दावतो."

गाव कवठे महांकाळजवळ. तेथे त्याची आई हरणाबाई त्याला देवळात घेऊन गेली. देवाचा भंडारा, म्हणजे हळद, मुठीत घेऊन दिलेला शब्द त्या भागात कोणी मोडत नाही.

"उचल भंडारा. आजपास्नं थेंब न्हाई म्हन."

त्याने उचलला आणि मनापासून म्हटले. त्यानंतर डॉक्टरांची गरज कोणालाच वाटली नाही.

सोमवारी त्याचे हात थरथरत होते. बारीक रॅचेट चिमटीत सापडेना, म्हणून तो माझी नळीच मुठीत धरून आवळू लागला. दाब जास्त पडला की मी आकडा कमी दाखवतो. शाफ्ट जाड राहिले आणि माप मात्र बरोबर दिसले. एकतीस शाफ्ट बेअरिंगमध्ये जाईनात. मालक म्हणाले, मायक्रोमीटर बिघडला. अचूक जाडी ठाऊक असलेल्या प्रमाण ठोकळ्यांवर मला तपासले गेले. चूक शून्य निघाली.

नानासोंना त्याची दया आली. "धैर्या, नोकरी जाईल रं. दोन घोट घे, हात थांबंल."

त्याने घेतले. हात थांबले. ह्याला दारूच मानवते, याचा पुरावा साऱ्या शेडला मिळाला.

गुरुवारी शमशेर फाटकापाशी उभा होता. "चल."

"भंडारा मोडलाय मी. कुठल्या तोंडानं येऊ?"

"आरं, तिथं न मोडलेला एक तर दाव मला! मी बी खुदाची शपथ घिऊन दोनदा मोडलीया."

"खुदा माफ करतोय गड्या. आई न्हाई करत." धैर्यशीलने गाडीला किक मारली.

त्या रविवारी त्याने पुन्हा भंडारा उचलला. या वेळी घोट देणारा कोणी जवळ नको, म्हणून तो आईच्या घरी दार लावून बसला. मंगळवारी दुपारी त्याला फिटचा झटका आला. थोड्या वेळाने दुसरा आला. सांगलीच्या रुग्णालयात पोचेपर्यंत तो गेला होता. त्याच्या खिशातून मला काढून हरणाबाईच्या हातात दिले. तिने मला शमशेरला दिले. वेल्डरला शंभराव्या भागाचे काम पडत नाही. तरी तो मला अधूनमधून तेल लावतो.

मित्रांनो, कोणाचे हात थरथरताना दिसले तर हसू नका. त्याला शपथ घालू नका आणि दयेने घोटही देऊ नका. त्याला डॉक्टरांकडे न्या आणि त्याच्याजवळ थांबा.

रुग्णालयात हरणाबाईने विचारले होते, "डाक्टर, भंडारा मोडला म्हनून गेला का वं त्यो?"

"नाही, आजी," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी कारण सांगितले. वर्षानुवर्षे रोज दारू मिळालेल्या मेंदूला ती एकाएकी मिळेनाशी झाली की हात थरथरतात. पुन्हा दिली की थांबतात. औषधाशिवाय तोडली तर झटके येऊ शकतात आणि त्यात माणूस मरू शकतो. एकतीस शाफ्ट ह्याच कारणाने बाद झाले होते. धैर्यशील ह्याच कारणाने गेला.