सुनेचा पेपर आन माझा डावा पाय

बसा पावणं, खाटेवर बसा. मोडायची नाय ती. पंक्चरवाला किन्हवलीला गेलाय, आन तो जेवल्याबिगर परत फिरत नाय, म्हंजे तुमचा तास तर गेलाच. तोवर तुमाला एक गोष्ट सांगतो. माझ्या सुनेची हाय. तिच्यात माझी फजिती बी हाय, पण ती आता आमच्या अख्ख्या शेणवे गावाला ठाऊक हाय, मंग तुमाला सांगायला कसली लाज.

मी बाळाराम. तिसरीतनं गुरांमागं गेलो तो शाळेकडं परत वळलो नाय. आमच्या घरात कुणी शिकलं असंल तर ती सूनच, संघरत्ना. नर्स हाय ती. लग्न होऊन आली तवाच लहान कोर्सवाली नर्स व्हती, उपकेंद्रात सुया मारायची, बाळंतिणी बघायची. पण तिच्या मनात मोठी नर्स व्हायचं. तीन सालाचा कोर्स असतो तो.

एकदा ती गेलेली तिकडं. नऊ-धा साल झाली त्याला. नंबर लागला, तीन महिने कॉलेज केलं, आन हितं आवणीच्या, म्हंजे भात लावायच्या टायमाला आमची चंद्राबाई, म्हंजे माझी बायको, बांधावरनं घसरली. मांडीचं हाड मोडलं. संघरत्ना दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन घरी. सहा महिन्यांनी परत जाईन बोलली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, खरं हाय. पण जा बी कुणी बोललं नाय. मी नाय, चंद्राबाई नाय, माझा पोरगा बुद्धभूषण, तो बी नाय. सगळ्यांना बरंच वाटलं. मंग दिशा झाली, माझी नात, आन ते सहा महिने काय आले नाय.

पाच सालांनी परत नंबर लागला तो मुरबाडच्या कॉलेजात, रोज एसटीनं जाऊन येऊन. तवाच मी मनाशी ठरवलं की या वेळी घरातनं कुणी आडवं यायचं नाय. मी तर नायच नाय.

तीन साल आमचं घर म्हंजे निम्मा दवाखानाच व्हता. चुलीच्या वर भिंतीला कागद चिकटवलेले. ती भाकरी थापायची आन कागद वाचायची. भाकरी करपली की चंद्राबाई बोलायची, आज धडा अवघड हाय वाटतं. बुद्धभूषण वाशिंदच्या कंपनीत पाळीला जातो, तो पाळीवरनं आला की दिशाच्या वेण्या घालायचा. वाकड्यातिकड्या, पण घालायचा. आन मी, मी पेशंट. चादर कशी घालायची हे बी शिकवतात बरं का त्यांना. ही माझ्या खाटेची चादर अशी ताणून खोचायची की मला आत पाय घालायला जागा राहायची नाय. बाहेरनंच झोपायचो मी, मढ्यावानी. बँडेज तर रोज. संध्याकाळी भांडी झाली की ती पाट घेऊन यायची, आबा, पाय आणा. मी उजवा पाय पुढं करायचो.

आता ऐका. शेवटच्या साली, परीक्षेला महिनाभर ऱ्हायला असंल, मी राब भाजायला गेलो. तुमाला ठाऊक नसंल तर सांगतो. भाताचं रोप लावायच्या आधी त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, वरनं माती टाकून पेटवून देतात. ते दिवसभर धुमसत बसतं. त्याच्या आधल्या साली माझ्या रबरी चपलेचा तळ त्यात वितळून पाक झालेला. म्हणून त्या साली शहाणपणा केला, चपला काढून बांधावर ठेवल्या. चपला वाचल्या.

घरी आल्यावर पाय धुताना बघतो तर डाव्या अंगठ्याखाली हा एवढा फोड. निखाऱ्यावर पाय दिलेला मी, आन मला पत्ताच नाय. साखर हाय मला सहा सालांपासून. आधी पायाला मुंग्या यायच्या, मंग त्या बी बंद झाल्या. मी समजलो गुण आला. गोळी कधी घ्यायचो, कधी उशीखाली दाबून ठेवायचो.

फोड फुटला, जखम झाली. आता ही सुनेला दाखवली तर काय व्हनार? कॉलेज सोडून बसंल माझ्या पायाशी. म्हणून मी हळद भरून फडकं बांधलं आन काटा लागलाय सांगून टाकलं. संध्याकाळी पाय आणा बोलली की डावा मांडीखाली, उजवा पुढं. दुखत तर नव्हतंच. दुखत नाय म्हंजे मोठं काय नाय, असा माझा हिशोब.

तीन आठवडे चाललं हे. परीक्षेला आठ दिवस ऱ्हायले तवा ती एक धागा घेऊन आली. नायलॉनचा, बारीक, एका काडीला लावलेला. साखरेच्या माणसाचे पाय कसे तपासायचे ते परीक्षेत येतं बोलली. आपण डोळे मिटायचे, ती धागा तळव्याला टेकवणार, आपल्याला लागला की हं बोलायचं. एवढंच.

मी डोळे मिटले. काय लागंना. आता पोरीला परीक्षेला जायचंय आन आपण मुक्यावानी बसायचं, बरं दिसत नाय. मी मनात चार मोजले, बोललो हं. परत चार मोजले, हं. मधीच एकदा तीनवर बोललो, खरं वाटावं म्हणून. दिशा खुसूखुसू हसाय लागली. मला वाटलं गुदगुल्या बघून हसते.

मंग सगळं गप झालं. मी डोळे उघडले. संघरत्नाचे हात तिच्या मांडीवर, धागा मुठीत.

"मी अजून लावलाच नाय, आबा," ती बोलली. "दुसरा पाय आणा."

मी काटा, फडकं, हळद, असं कायबाय बरळलो. तिनं स्वतःच पाय ओढून घेतला. फडकं सोडलं तशी चंद्राबाईनं नाकाला पदर लावला. ती जखम आता तुमाला काय वर्णन करून सांगत नाय, तुमी चहा पिताय. संघरत्नानं पानी उकळलं, गार केलं, धुतलं सगळं. हात असे चालत व्हते जसं काय कुणा परक्याचा पाय हाय. शेवटी पट्टी बांधून झाली तवा वर बघितलं.

"मी रोज तुमच्या समोर बसते, आबा. रोज."

पानी तिच्या डोळ्यांत व्हतं, आन मी बापडा भिंतीकडं बघत बसलो. बोललो, तू परत सोडून देशील म्हणून नाय सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शहापूरला डाक्टरकडं नेलं. त्यानं आतलं मेलेलं मांस काढलं, मला झाडलं, सुनेला समजावलं. हाडापर्यंत गेली नाय अजून. सकाळ-दुपार-संध्याकाळ पट्टी बदलायची, ती बी स्वच्छ, पाय जमिनीला टेकवायचा नाय, गोळी चुकवायची नाय. यात हयगय झाली की अंगठा जाणार, आन अंगठ्यावर थांबंल असं सांगता येत नाय.

घरी आल्याबरोबर संघरत्नानं भिंतीवरचे कागद काढले. वह्या पिशवीत भरल्या, पिशवी माळ्यावर. बुद्धभूषणला बोलली, सहा महिन्यांनी परत परीक्षा असते, तवा देईन. मी खाटेवरनं ओरडलो, मागचे सहा महिने पाच साल चालले गो. तिनं ऐकलंच नाय असं केलं. रोज दवाखान्यात न्यायचं तर पाय टेकवायचा नाय, गाडी नाय. आन ती दिवसभर मुरबाडला, मंग घरात दुपारची पट्टी करणार कोण? बुद्धभूषणला रक्त दिसलं की आधी त्यालाच झोपवायला लागतं.

चंद्राबाई चुलीपाशी व्हती. पाठ आमच्याकडं. तशीच बोलली, "मला शिकव."

संघरत्ना बोलली, "आई, हे पापड लाटणं नाय."

तशी चंद्राबाई वळली. "मी पडली तवा तू माझं हागणं-मुतणं काढलंस. मी तुला एकदा बी जा बोलली नाय. आता बोलते. शिकव आन जा."

मंग संघरत्नानं अट घातली. सात दिवस हायेत. रोज तुमी करायचं, मी बघणार. शेवटचे तीन दिवस एक बी चूक झाली नाय तर मी पेपरला जाईन. चूक झाली तर नाय जाणार, मंग मला कुणी काय बोलायचं नाय.

आता काय सांगू तुमाला. सासू शिकणार, सून मास्तरीण, आन मधी मी पाय वर करून पडलेला मेल्या कोंबड्यावानी. पयल्या दिवशी चंद्राबाईनं साबणानं हात धुतले, मस्त धुतले, आन पुसले पदराला. परत धुवा. दुसऱ्या दिवशी धुतले आन त्याच हातानं कपाळावरचे केस सारले. परत धुवा. तिसऱ्या दिवशी पट्टीचं कापड तिच्या हातनं खाटेवर पडलं, तिनं उचललं आन झटकलं. शेतातली बाई ती, पडलेलं उचलायचं, झटकायचं, वापरायचं, जलमभर तेच केलेलं. संघरत्नानं ते कापड काढून घेतलं आन फेकून दिलं. झालं, चंद्राबाई फुगली. चार पोरांना जलम दिला, गावातली निम्मी बाळंतपणं मी काढली, आन ही मला हात धुवायला शिकवते, असं माझ्याकडं बघून बोलायची. सुनेला तोंडावर बोलायची टाप नव्हती. जेवताना दोघी गप. भाकरी मात्र चंद्राबाई आधी सुनेच्याच ताटात टाकायची.

चौथ्या दिवशी बी एक चूक झाली. औषधाच्या बाटलीचं झाकण उघडून तसंच ठेवलं. त्या दिवशी मी आशा सोडली. पण पाचवा दिवस चोख गेला. सहावा बी. संघरत्नानं माळ्यावरनं पिशवी काढली, वाचायला बसली, पण तोंडानं हो-नाय काय बोलली नाय. अट तीन दिवसांची व्हती, आन तिसरा दिवस म्हंजे पेपरचाच दिवस.

साडेसहाची मुरबाड गाडी. पोरगी सहालाच तयार, पांढरा ड्रेस, पिशवी दाराशी. पयला पेपर दहाचा. बुद्धभूषण पाळी बदलून घरी थांबलेला. चंद्राबाईनं पट्टीचं सामान मांडलं, जुनं फडकं सोडून टाकलं, मोरीत गेली, कोपरापर्यंत हात धुतले. हात वर धरून बाहेर आली. पुसायचे नाय, हवेवर सुकवायचे, तसं शिकवलेलं.

आन खोलीच्या मधोमध तिचा पदर खांद्यावरनं घसरला.

पावणं, पन्नास साल झाली लग्नाला. पोरगा समोर, मी समोर, दारात शेजारची बाई उभी. पदर पडला की बाईचा हात आपोआप जातो, तिला विचार करायला लागत नाय. तिचा बी गेला. खांद्यापाशी गेला आन थांबला. मी बघतोय, संघरत्ना बघतेय. चंद्राबाई तशीच उभी, पदर जमिनीला लोळतोय, दोन्ही हात वर, कोपरावरनं पानी टिपटिप गळतंय.

मंग बोलली, "दिशे, माझा पदर उचल गो."

सहा सालाची पोर. ती आली, पदर उचलला, आजीच्या कमरेला जमंल तसा खोचला. चंद्राबाई येऊन माझ्या पायाशी बसली आन नव्या पट्टीला हात घातला.

संघरत्नानं पुढचं बघितलंच नाय. पिशवी उचलली, बाबासाहेबांच्या फोटोपुढं हात जोडले, सासूला बोलली, "येते, आई," आन गेली. गाडी वळणावर हॉर्न देत व्हती. तिला पळायला लागलं थोडं.

सगळे पेपर दिले तिनं. पास झाली. अंगठा बी ऱ्हायला माझा, जरा वाकडा हाय पण हाय. आता ती ठाण्याला मोठ्या दवाखान्यात डुटीवर असते, सुट्टीला येते. पुढची बीएस्सी करायची बोलते, फॉर्म बी आणलाय. भिंतीवर परत कागद लागलेत, बघा ते. चंद्राबाई आता शेजारच्या बायकांना बी हात धुवायला लावते, त्या कावल्यात तिला.

जखम भरली, पण पायाला अजून कळत नाय काय, आन कळायचं बी नाय. म्हणून रोज कुणीतरी तळवा बघायचा असतो. चंद्राबाई बघते. आज ती, पोरगा, दिशा, सगळी धसईला बारशाला गेल्यात, संध्याकाळपर्यंत येत नाय. संघरत्नाचा फोन आता येईल, तिच्या जेवणाच्या सुट्टीत, आन पयलं हेच विचारते. माझी मान काय एवढी वाकत नाय, नजर बी गेलीय.

तर एक काम करा माझं. कप ठेवा बाजूला, जरा पुढं सरका. मोबाइलची बॅटरी लावा. हा डावा पाय. अंगठ्याखाली बघा, टाचेला बघा, बोटांच्या फटी उघडून बघा. लाल असंल, ओलं असंल, भेगाळलं असंल, जे असंल ते तिला फोनवर तुमीच सांगा. मला बरं वाटावं म्हणून काय कमी सांगू नका.