एका पत्त्यावर दोन कार्डं

काटापूजनाचा नारळ फुटला तरी सेलूच्या त्या कापसाच्या जिनिंगातला नवा वजनकाटा सुरू होईना. मुहूर्त टळायला आलेला, मालक आबासाहेब घड्याळ धरून डोक्यावर उभे. काटा संगणकाला जोडणाऱ्या प्रियदर्शनीनं बघितलं, तर काट्याचं संगणकातलं कार्ड मेमरीतला जो पत्ता मागत होतं, तो कापसाच्या ढिगाची उष्णता मोजणाऱ्या कार्डाला आधीच दिलेला. जागावाटप करणारा संगणकाचा कर्नेल अडून बसला होता, आणि बरोबरच बसला होता! पण शिकलेल्या बाईलाही मुहूर्ताची घाई चुकते का? तिनं कर्नेलची ही पत्त्यांची तपासणीच काढून टाकली. काटा सुरू झाला, पेढे वाटले.

दुपारी काट्यावर ट्रॅक्टर चढला आणि पडद्यावर ढिगाचं तापमान बत्तिसाचं बारा झालं. ट्रॅक्टर उतरला, पुन्हा बत्तीस. म्हणजे तो आकडा ढिगाचा नव्हताच, काट्याचा होता! आतून ढीग किती तापलाय, देव जाणे. आणि त्याच ढिगावर तिचे वडील, आप्पाराव, सकाळपासून कापूस तुडवत होते.

दारातून ती जिवाच्या आकांतानं ओरडली. जिनच्या घरघरीत कोण ऐकतंय? फोन लावला, तर तो खुंटीवरच्या आप्पारावांच्या सदऱ्यात वाजला.

"मालक, मिल थांबवा. चूक माझी हाय. ढीग पेटायलाय का काय, कुणालाच ठाऊक न्हाई."

"पडद्यावर बत्तीस हाय की! मुहूर्ताच्या दिवशी काटा बंद? लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या!"

तिनं बटण दाबून संगणक बंद केला, काट्याचं कार्ड उपसून काढलं, तपासणी परत घातली. बाहेर गाडीवाल्यांनी शिव्यांचा पाऊस पाडला. मेली मशीन चालू व्हायला अख्खा जन्म लावतेय, असं तिला झालं. शेवटी आकडा उमटला. ब्याऐंशी. बघता बघता पंच्याऐंशी.

आबासाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "बंद करा रे सगळं!" ते स्वतःच ओरडत पळाले.

आप्पारावांना हाताला धरून खाली उतरवलं आणि ढीग उकरला, तर आत काळा पडलेला कापूस धुमसत होता. पाण्याचे पाइप आले. प्रियदर्शनी वडिलांच्या पायाशी बसली. तळव्यांना टरारून फोड आलेले.

"दादा, एवढं भाजायलं तर सांगायचं न्हाई का हो?"

आप्पाराव ओशाळून हसले. "तुझी मशीन बत्तीस म्हणायली ना बाई. मला वाटलं, माझेच पाय खोटं बोलायलेत."