तीनदा ठोकायचं असतं

मी एक जुना टेकू आहे. मित्रांनो, टेकू म्हणजे काय हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसेल, आणि नसेल तर तुम्ही सुखी आहात. घराचे छत खचू लागले की त्याच्याखाली जो लाकडी खांब ठोकून उभा करतात, तो मी. साध्या खांबाला घर बांधतानाच मानाची जागा मिळालेली असते. मी मात्र घर आजारी पडल्यावर येतो, त्यामुळे माझे स्वागत कोणी हसून केल्याचे मला आठवत नाही.

पूर्वी मी एका गोदामाचा वासा होतो. ते गोदाम पाडले तेव्हा माझे भाऊबंद सरपणात गेले. मला एका म्हाताऱ्या सुताराने बाजूला काढले. त्याने माझ्या अंगावर हातोडी वाजवून पाहिली आणि म्हणाला, "ह्याच्यात अजून पुष्कळ दम आहे." दम होता खरा. पण नुसत्या दमाने कोणाचे भले होत नाही, हे मला पुढे कळले.

सुताराने मला ज्या घरात नेले, ते शहराच्या पोटातल्या सगळ्यात जुन्या वस्तीत होते. गल्ली इतकी अरुंद, की समोरासमोर दोन छत्र्या आल्या तर एकीला तिरपे व्हावे लागे. दुमजली इमारत, आठ खोल्या, एक जिना, वरच्या मजल्याला लाकडी गॅलरी. तळमजल्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत एक बाइंडर राहत होता. लोकांची फाटकी पुस्तके आणि कचेऱ्यांची दफ्तरे तो शिवून, डिंक लावून, पुठ्ठ्यात बांधून देई. त्याचे नुकतेच लग्न झाले होते. त्याच्या डोक्यावरच्या खोलीत एक नर्सबाई आपल्या आजारी भावाबरोबर राहत. दोन्ही खोल्यांच्या मधली तुळई वाळवीने आतून पोखरली होती, आणि नर्सबाई चालल्या की खाली बाइंडरच्या डिंकात माती पडे.

घरमालक म्हणाला, "दोन महिन्यांत तुळई बदलतो. तोवर टेकू लावा."

ते दोन महिने बावीस वर्षे चालले.

सुताराने मला खोलीच्या अगदी मधोमध उभे केले. माझ्या डोक्यावर आडवी फळी दिली, पायाखाली एक जाड फळी घातली आणि तिच्यावर समोरासमोर दोन पाचरी ठोकून मला छताशी घट्ट केले. बाइंडरची बायको दारात उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, "अहो काका, हा इथेच राहणार? मग आम्ही कुठे राहायचं?"

सुतार हसला नाही. तो म्हणाला, "पोरी, हा टेकू तुमचा नाही. हा वरच्या माणसांचा आहे. तुमच्या घरात उभा आहे एवढंच."

मग त्याने बाइंडरला नियम सांगितला. लाकूड सुकते, पाचरी सैल होतात, म्हणून वर्षातून एकदा त्या ठोकून घट्ट करायच्या. पण पाचरीला हातोडी लावण्याआधी माझ्या अंगावर तीनदा ठोकायचे. ते वर ऐकू जाते. वरच्या माणसाने खोली सोडून गॅलरीत जायचे आणि तिथून ओरडायचे, "ठोक!" ते ऐकू आल्याशिवाय पाचरीला बोटही लावायचे नाही.

"आणि नाही ओरडलं तर?" बाइंडरने विचारले.

"तर थांबायचं. टेकू कुठे पळून जात नाही."

मित्रांनो, मी त्या घरात नकोसा होतो, हे कबूल केलेच पाहिजे. माझ्यामुळे पलंग तिरका लावावा लागला. जेवताना नवराबायकोला एकमेकांचे तोंड दिसण्यासाठी मान वाकडी करावी लागे. बाइंडरच्या बायकोच्या पायाचे बोट माझ्या फळीवर आठवड्यातून एकदा तरी आपटे. तिने माझे नाव घरजावई ठेवले होते. "खरा जावई परवडला," ती म्हणायची, "चार दिवसांनी जातो तरी. हा मेला मधोमध उभा, हलायचं नाव नाही!" आणि असे म्हणत ती माझ्याच अंगातल्या खिळ्यावर ओला टॉवेल अडकवायची. मला तेव्हा राग यायचा. आज त्या ओल्या टॉवेलाचीही आठवण येते.

त्यांना मुलगी झाली. ती माझा आधार धरून पहिल्यांदा उभी राहिली, हे सांगताना माझी छाती अजूनही फुगते. बाइंडर दर वाढदिवसाला तिला माझ्याशी टेकवून उभी करी आणि डोक्यावर पेन्सिलीने रेघ ओढी. तीन वर्षांची असताना तिने बापाची नक्कल करत चमच्याने माझ्या अंगावर तीनदा ठोकले. वर नर्सबाई केस धूत होत्या. त्या साबणाच्या फेसासकट गॅलरीत धावल्या आणि ओरडल्या, "ठोक रे बाबा!" सगळी गल्ली वर पाहू लागली. बाइंडर हात जोडत अंगणात आला. "ताई, मी नाही, पोरीने ठोकलं!" नर्सबाईंच्या डोळ्यांत साबण गेला होता, तरी त्या हसतच होत्या. पुढे ते दोघींचे ठरूनच गेले. मुलीने चमचा वाजवला की वरून आवाज येई, "काय गं?" आणि ही खालून विचारी, "आत्या, काय करताय?"

नर्सबाईंचा भाऊ वारला. त्या एकट्या राहिल्या, निवृत्त झाल्या, त्यांचे गुडघे धरले. पण वर्षातून एकदा, उन्हाळा संपता संपता, बाइंडर हातोडी घेऊन माझ्यापुढे बसे. तीन ठोके. वर पावले सरकत सरकत गॅलरीकडे जात. मग आवाज येई, "ठोक!" एवढ्या एका शब्दावर आमचे घर उभे होते.

मग वस्ती बदलू लागली. पलीकडची गल्ली पाडली, मग अलीकडची. पडलेल्या घरांच्या भिंतींवर आतले निळे, हिरवे रंग उघडे पडले, आणि कोणाची आरशाची खुंटी, कोणाचा देव्हाऱ्याचा कोनाडा भर रस्त्यातून दिसू लागला. आमच्या इमारतीसमोर एक मोठा फलक लागला. त्याच्यावर उंच इमारतीचे चित्र होते आणि तिच्या पायथ्याशी चकचकीत माणसे फिरत होती. त्यांच्यापैकी एकही आमच्या गल्लीतला दिसत नव्हता.

काखेत फाईल धरून एक माणूस दारोदार फिरू लागला. लोक त्याला फाईलवाला म्हणत. जुन्याच्या जागी नवे, मोठे घर मिळणार होते. हळूहळू सगळ्यांनी सह्या केल्या. मी त्यांना नावे ठेवणार नाही. गळके छत, सामाईक संडास आणि माझ्यासारखा घरजावई कोणाला हवा असतो?

राहिल्या फक्त नर्सबाई. त्यांची खोली भावाच्या नावावर होती. फाईलवाल्याच्या यादीत त्या खोलीपुढे मेलेल्या माणसाचे नाव होते आणि त्याच्यापुढे लिहिले होते, "कोणी राहत नाही". नर्सबाई प्रत्येक वेळी एकच सांगत, "आधी माझं नाव यादीत घाला, मग सही." फाईलवाला प्रत्येक वेळी म्हणे, "बघू, करू." नाव लागण्याआधी खोली गेली, तर नवे घर मागायला त्यांच्या हातात काहीच उरणार नव्हते. आणि ती खोली माझ्या डोक्यावर होती.

एके दिवशी फाईलवाला बाइंडरकडे आला. "दादा, सही झालीच आहे. ह्याच आठवड्यात खोली रिकामी केलीत, तर नव्या इमारतीत पहिली पसंती तुमची."

बाइंडरने माझ्याकडे पाहिले. "आणि हा टेकू?"

"त्याला कोण हात लावतंय? नर्सबाईंचं मिटेपर्यंत राहील."

"लिहून द्याल?"

फाईलवाला मोठ्याने हसला. "दादा, आता टेकूचाही करार करायचा का?"

बाइंडरही हसला. जन्मभर ज्याने दुसऱ्यांचे कागद नीट बांधून दिले, त्याने स्वतःसाठी एक कागद मागितला आणि हसण्यावारी नेला. बायकोने आतून ऐकले होते. तो माणूस गेल्यावर ती म्हणाली, "ताईंना एकदा विचारा हो."

"विचारून त्या काय म्हणणार? थांब म्हणतील. किती थांबायचं?"

तिने माझ्या खिळ्यावरचा टॉवेल काढून त्याची घडी घातली. मग हळूच म्हणाली, "मला एकदा खोलीच्या मधोमध उभं राहायचंय. बस, एवढंच." त्या वाक्याने माझी मान खाली गेली असती, पण मला तशी सोय नव्हती.

निघायच्या दिवशी टेम्पो गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. सामान हलल्यावर मुलीने, ती आता नोकरी करणारी मोठी मुलगी होती, माझ्यावरच्या सगळ्या रेघांवरून बोट फिरवले. बायकोने ओल्या फडक्याने मला वरपासून खालपर्यंत पुसले आणि "सुटले बाई तुझ्या तावडीतून" म्हणत तेच फडके डोळ्यांना लावले. बाइंडर शेवटी आत आला. त्याने हातोडी उचलली, माझ्यासमोर धरली आणि खाली ठेवली. ठोकले असते तर नर्सबाई गॅलरीत आल्या असत्या, आणि मग त्यांच्या तोंडाकडे पाहून सगळे सांगावे लागले असते. तो जिन्याच्या तीन पायऱ्या चढला आणि परत उतरला.

पण त्यांनी टेम्पो पाहिला होताच. वरून आवाज आला, "निघालास ना रे?"

"हो ताई."

"पाचरी बघितल्यास का?"

"बघितल्या ताई."

त्याने बघितल्या नव्हत्या. त्या वर्षी उन्हाळाभर कागदपत्रांच्या धावपळीत त्या तशाच राहिल्या होत्या.

"मग ठीक," नर्सबाई म्हणाल्या. "मी निर्धास्त."

आठवडा उलटला नाही तोच, भर सकाळी चार कामगार आणि एक मुकादम खोलीत शिरले. दारे, खिडक्या, जे लाकूड निघेल ते काढायचे होते. त्यांच्यातल्या एका वयस्क कामगाराने माझ्यावर हात ठेवला, वर पाहिले आणि विचारले, "वर कोणी राहतं का?"

मुकादमाने कागद उलटला. "वर कोणी नाही. हे बघ, लिहिलंय."

फाईलवाला खोटे बोलला होता की विसरला होता, मला आजही माहीत नाही. मला फक्त एवढे ठाऊक आहे, की कोणी ठोकले नाही. एका जवान कामगाराने घण उचलला आणि थेट पाचरीवर घातला. सैल पाचर एका घावात निसटली. मी ओरडू शकलो असतो तर एकच शब्द ओरडलो असतो, "थांबा!" पण टेकूला तोंड नसते. बावीस वर्षांचा भार माझ्या डोक्यावरून सुटला. त्या क्षणी मला हलके वाटायला हवे होते, पण माझ्या आयुष्यातला सगळ्यात जड क्षण तोच होता.

तुळई कडाडली. वरच्या जमिनीचा एक कोपरा हातभर खाली आला. फळीवरची भांडी घरंगळल्याचा आवाज झाला, आणि त्यात नर्सबाईंची किंकाळी. वयस्क कामगार जिन्याकडे धावला. त्यानेच त्यांना धरून खाली आणले. पायात चप्पल नव्हती, हातातून रक्त येत होते, केसांत चुना होता. मी जमिनीवर आडवा पडलो होतो. त्यांनी मला पाहिले आणि कोणाकडेही न बघता म्हणाल्या, "ठोकलं नाहीत रे. तीनदा ठोकायचं असतं. मी बाहेर गेले असते."

कामगारांना काही कळले नाही. मला सगळे कळले.

दुपारपर्यंत जिन्यावर कागद चिकटला, की इमारत धोकादायक आहे आणि आत जाण्यास मनाई आहे. नर्सबाईंचे सामान वरच राहिले. जी खोलीच उरली नाही, तिच्यापुढे कोणाचे नाव लावायचे? त्यांचा दूरचा भाचा त्यांना शहराबाहेर आपल्या घरी घेऊन गेला. महिन्याभरात इमारत पाडली गेली.

आता मी जुन्या लाकडांच्या वखारीत भिंतीला टेकून उभा आहे. आयुष्यभर दुसऱ्याला टेकू दिला आणि आता मलाच भिंतीचा टेकू लागतो, हा दैवाचा विनोद माझ्या बाजूच्या दरवाजांना फार आवडतो. नवी इमारत अजून उभी राहिलेली नाही, असे येणारे जाणारे सांगतात. तिथे नुसता खड्डा आहे.

परवा बाइंडर इथे आला. पुस्तके दाबायला जाड फळ्या शोधत होता. शोधता शोधता पेन्सिलीच्या रेघांपाशी त्याचा हात थांबला.  मग माझ्याशी, अगदी हलक्या आवाजात बोलला, "गेलो होतो त्यांच्याकडे. दारात आल्या. 'ठीक आहे मी' म्हणाल्या. आत ये म्हणाल्या नाहीत."

त्याने वखारीतलीच एक हातोडी उचलली आणि माझ्या अंगावर ठोकले. एकदा. दोनदा. तीनदा. मग मान वर करून थांबला. वर छत नव्हते, गॅलरी नव्हती, नुसते मोकळे आकाश होते. तो थांबूनच राहिला.

वखारवाला म्हणाला, "आवाज खणखणीत आहे. आतून पोकळ नाही. घ्यायचाय?"

बाइंडरने हातोडी जागेवर ठेवली आणि फळ्या न घेताच निघून गेला.

मित्रांनो, मला पॉलिश नको, संग्रहालयात जागा नको. जुनी घरे पाडू नका, असेही मी म्हणत नाही. माणसांना खोलीच्या मधोमध उभे राहता आलेच पाहिजे. पण तुमच्या घरात उभी असलेली एखादी गोष्ट दुसऱ्या कोणाचे तरी घर तोलून धरत असेल, तर ती काढण्याआधी तीनदा ठोका. वरून आवाज येईपर्यंत थांबा. कागदावर वर कोणी नसले, तरी थांबा.